दोघांना मिळून एकच पायलट व्हायचंय? (इंग्रजी परीक्षेतलं वचन)

झेरॉक्सवाला_टिळकवाडी
नमस्कार मंडळी. प्रश्न पोरकट वाटेल, पण तीन दिवस घरात यावरून जुंपली आहे, म्हणून धागा काढायलोय.

मुलगी सेकंड पीयूला, म्हणजे बारावीला आहे. तिची मावशी अमेरिकेत असते. तिच्या आग्रहावरून एसएटी, म्हणजे तिकडच्या कॉलेजप्रवेशाची परीक्षा द्यायचं ठरलंय. सरावाचे प्रश्न मीच दुकानात छापून आणतो, आणि छापता छापता नजर जातेच. परवा गिऱ्हाईक नव्हतं, म्हणून मीही पेन घेऊन बसलो. वाक्य असं होतं:

"रोहन अँड हिज ब्रदर होप टु बिकम अ पायलट."

चूक शोधायची. मी पाच वेळा वाचलं. माणसं दोन, म्हणून 'होप'ला एस नाही, बरोबर. 'टु'नंतर 'बिकम', बरोबर. 'चूक नाही' यावर टिक मारली आणि घरी जाऊन ऐटीत दाखवली. पोरगी हसायलाच लागली. म्हणाली, "बाबा, दोघं मिळून एकच पायलट होणार काय?" उत्तर होतं 'पायलट्स'.

आता सांगा, आपण "रोहनला आणि त्याच्या भावाला पायलट व्हायचंय" म्हणतो तेव्हा कुणी विचारतं का की किती पायलट? बावीस वर्षं बेळगावात झेरॉक्सचं दुकान चालवतोय. निम्म्या टिळकवाडीचे इंग्रजी अर्ज माझ्या टेबलावर भरले गेलेत. हा नियम ना शाळेत कुणी सांगितला, ना कॉलेजात.

दोन प्रश्न. हा खरंच भाषेचा नियम आहे की पेपर काढणाऱ्यांची खोडी? आणि आपल्या मराठीत असलं काही आहे का?

अनगोळकर
एक पायलट, दुसरा को-पायलट. म्हणजे 'अ पायलट' बरोबरच आहे. पोरीला सांगा, बाबा जिंकले.

कॅडेट_होता_होता
काका, खोडी नाही, नियमच आहे. मला महाग पडलेला.

मी दोनदा एनडीए, म्हणजे लष्करी अधिकाऱ्यांच्या प्रबोधिनीची प्रवेशपरीक्षा दिली. सामान्य क्षमतेचा पेपर ६०० गुणांचा, त्यात इंग्रजी २०० गुणांचं. गणितात मी बरा होतो, बुडालो तो चुका शोधा प्रकारात. आमच्या गल्लीतून मिलिटरी स्कूलची पोरं कडक इस्त्रीत जायची, त्यांना असले प्रश्न चहा पिता पिता सुटायचे. मी मात्र 'वन ऑफ माय फ्रेंड' वाचायचो आणि मला ते गोड वाटायचं. आजही बोलताना तोंडात तेच येतं.

मांडेवाली
'वन ऑफ माय फ्रेंड'मध्ये चूक काय आहे? खरंच विचारायलो.

कॅडेट_होता_होता
@मांडेवाली, मित्रांच्या घोळक्यातला एक. घोळका आधी पाहिजे, म्हणून 'फ्रेंड्स'. आपण मनात "माझा एक मित्र" म्हणतो आणि शब्दाला शब्द लावत जातो. "माझ्या मित्रांपैकी एक" असं मनात म्हटलं तर चूक होणारच नाही. पण तसं मनात म्हणतो कोण!

शिकवणीबाई_खानापूर
मी खानापुरात बँकेच्या आणि एसएससीच्या (दहावी नव्हे, केंद्र सरकारची नोकरभरती) मुलांना इंग्रजी शिकवते. हा प्रश्न दर बॅचला येतो, त्यामुळे जरा लांब लिहिते.

झेरॉक्सदादा, गोम 'पायलट'मध्ये नाही, त्याच्या आधीच्या 'अ'मध्ये आहे. आपण नुसतं 'पायलट' म्हणतो तेव्हा त्यात एक की दोन काही ठरलेलं नसतं. तो धंद्याचा शिक्का असतो, कितीही जणांवर मारा. इंग्रजीत मोजता येणारं नाम असं उघडं सोडता येत नाही. एकटं असेल तर 'अ' लावा, जास्त असतील तर एस लावा. आणि हा 'अ', 'अ‍ॅन' मुळात 'एक' या अर्थाच्या जुन्या इंग्रजी शब्दाचाच झिजलेला तुकडा आहे. म्हणजे 'अ पायलट' लिहिलं की 'एक पायलट' लिहिलंच. तुमची लेक बोलली ते विनोदाने नव्हे, अगदी शब्दशः खरं आहे.

पण एवढ्यावर थांबलात तर पुढच्या प्रश्नात आपटाल. हे वाक्य बघा: "माय ब्रदर्स आर अ न्यूसन्स." भाऊ दोन, कटकट एक. हे बरोबर आहे, कारण दोघे मिळून एक कटकट होतात. तसंच दोघे मिळून 'अ टीम' होतात, 'अ कपल' होतात. पण 'अ मेंबर' होत नाहीत, तिथे 'मेंबर्स'. मी मुलांना एवढंच विचारायला लावते: मिळून एक की प्रत्येकी एक? प्रत्येकी असेल तर एस.

यातून सुटतात त्या ठरलेल्या म्हणण्या. 'दे केप्ट अ‍ॅन आय ऑन द बॅग्स', इथे चौघे पहारा करत असले तरी डोळा एकच. आपणही "सगळ्यांनी पिशव्यांवर डोळा ठेवला" म्हणतो, तेव्हा डोळे मोजत नाही.

झेरॉक्सवाला_टिळकवाडी
बाई, 'मिळून एक की प्रत्येकी एक' हे मोठ्या अक्षरात छापून काउंटरवर चिकटवलंय. चहाचं बिल देतानाही उपयोगी पडेल.

पुण्यात_बेळगावी
मला हे सगळं परीक्षेपुरतं वाटतं. अकरा वर्षं परदेशी लोकांबरोबर कॉल करतोय. त्यांच्यातलेच लोक सर्रास एकवचन वापरतात आणि कुणाचं काही अडत नाही. "ऑल ऑफ यू, रेझ युअर हॅन्ड" असं मी स्वतः ऐकलंय. 'हॅन्ड्स' म्हटलं तर उलट माणूस दोन्ही हात वर करील, बंदूक रोखल्यासारखे!

शिकवणीबाई_खानापूर
@पुण्यात_बेळगावी, हाताचं तुमचं बरोबर आहे. तिथे भले भले लेखकही अडतात, कारण अनेकवचन केलं तर प्रत्येकी एक की प्रत्येकी दोन हे कळत नाही. म्हणूनच बरा पेपर काढणारा हाताच्या वाटेला जात नाही. तो पायलट, डॉक्टर, मेंबर घेतो, जिथे दोन अर्थ निघूच शकत नाहीत. बोलण्यातली भाषा आणि टिक मारायची भाषा यांत एवढा फरक असणारच. पर्यायी उत्तरांच्या परीक्षेला "दोन्ही चालतं" हे उत्तर चालत नाही.

जुने_मास्तर
मी मराठी माध्यमाच्या शाळेत चौतीस वर्षं शिकवलं. इंग्रजीचं शिकवणीबाई बघतील, मी दुसऱ्या प्रश्नाचं बोलतो.

मराठीत असलं काही आहे का? आहे, आणि नाहीही. वर्गात मी म्हणायचो, "पोरांनो, तोंड धुऊन या." चाळीस पोरं, तोंड एक. "तोंडं धुऊन या" म्हटल्याचं आठवत नाही. "मुकाट्याने तोंड बंद करा", तेही एकच. गावात वळू सुटला की सगळे "शेपूट घालून" पळायचे. 'शेपट्या घालून' नव्हे, तशी शेपूटही नव्हती म्हणा.

आता दुसरी बाजू बघा. चाळीस पोरांना विचारलं, "समजलं काय रे?" की सगळ्यांनी "माना डोलावल्या." इथे 'मान डोलावली' कानाला खटकतं. डब्यात कारल्याची भाजी निघाली की पोरींनी "नाकं मुरडली". लग्नात जेवण उशिरा झालं की पाहुण्यांची "तोंडं वाकडी" झाली. तेच तोंड, धुताना एक आणि वाकडं होताना अनेक! कारण मला विचाराल तर असं वाटतं: हुकूम सोडताना आपण एकेकाला बोलल्यासारखं बोलतो, आणि चित्र रंगवताना रांगेतली सगळी तोंडं डोळ्यासमोर असतात. हा माझा अंदाज, व्याकरणाच्या पुस्तकातला नियम नव्हे.

आणि वचन बदललं की अर्थच फिरतो, अशाही जागा आहेत. बारशाला नाव ठेवतात, बारशाच्या जेवणाला नावं ठेवतात. दुपारी जरा डोळा लागतो. मुलगा पुण्याला गेला की वाटेकडे डोळे लागतात.

अनगोळकर
मास्तर, शेवटच्या ओळीला टाळी. (एकच. एका हाताने वाजत नाही म्हणतात, पण मोबाईल दुसऱ्या हातात आहे.)

कॅडेट_होता_होता
इंग्रजीतही आहे की हे! कस्टम म्हणजे रीत, कस्टम्स म्हणजे विमानतळावर बॅग उघडायला लावणारे. स्पेक्टॅकल म्हणजे देखावा, स्पेक्टॅकल्स म्हणजे चष्मा. आमच्या क्लासच्या सरांनी हे सांगितलं होतं, तेव्हा मी मागच्या बाकावर डोळा लावून बसलेलो.

जुने_मास्तर
@कॅडेट, डोळा 'लागतो'. 'लावून' बसायचे ते डोळे. दहा उठाबशा.

गोकाक_रोड
आमच्याकडे आई मराठी, वडील कानडी. घरात जेवण मराठीत, भांडण कानडीत. त्यामुळे कानडीचं सांगतो, कारण आपल्या पोरांच्या चुकांत तिचाही हात आहे असं मला वाटतं.

कानडीत वस्तूंच्या आधी आकडा आला की नामाला अनेकवचनाचा प्रत्यय लावायची सक्ती नाही. "हत्तु पुस्तक" म्हणजे 'दहा पुस्तक'. पुस्तकी भाषेत "हत्तु पुस्तकगळु" लिहितील, पण दुकानात कुणी 'गळु' लावत बसत नाही. दहा म्हटल्यावर दहा कळलंच, पुन्हा कशाला सांगा? गंमत म्हणजे आमच्या बाजूच्या बोलीत हिशेब क्रियापद ठेवतं: एक असेल तर "ऐती", जास्त असतील तर "अदाव". म्हणजे नाम गप्प, क्रियापद मोजतंय. माणसांचं मात्र वेगळं, तिथे "इब्बरु हुडुगरु", नामालाही प्रत्यय लागतोच.

बेळगावच्या बाजारात मग दोन्ही भाषांची मिसळ होते. "दोन चपाती दे", "चार भाकरी बांध", "दहा लिंबू घाल". घरी आजी "चपात्या, भाकऱ्या, लिंबं" म्हणते आणि त्याच घरातला नातू हॉटेलात "दोन चपाती" म्हणतो. असल्या कानाला 'टेन बुक' कुठं खटकणार?

आणि धाग्यातला मूळ प्रश्न. "इब्बरिगू डाक्टर आगबेकंत", दोघांनाही डॉक्टर व्हायचंय म्हणे. कानडीतही उघडा डॉक्टर. 'अ' नाही, काही नाही. म्हणजे आपली पोरं दोन भाषांतून एकच सवय घेऊन इंग्रजीच्या पेपराला बसतात.

पुण्यात_बेळगावी
"दोन चपाती" पुण्यातही ऐकू येतं हो, तिथे कुठली कानडी? सगळं खापर कानडीवर नको.

गोकाक_रोड
हात म्हटलं, खापर म्हटलं नाही. हॉटेलातला हुकूम सगळीकडे तसाच असतो, मान्य. पण आमच्याकडे ते घरात, शाळेत, शेतातही शिरलंय.

निपाणी_लोकल
हे असंच चालू राहिलं तर कुठली भाषा कुणाच्या गावात आधी होती यावर गाडी येणार. मी पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

संपादक_मंडळ
येणार नाही. सीमाप्रश्नासाठी वेगळे धागे आहेत, त्यातले दोन कुलूपबंद आहेत. इथे वचनावरच बोलावे. दोन प्रतिसाद अप्रकाशित केले आहेत.

अनगोळकर
दोन 'प्रतिसाद' की दोन 'प्रतिसादे'? परीक्षेत येईल.

जुने_मास्तर
प्रतिसाद पुल्लिंगी, शेवटी 'अ'. एक देव, दोन देव. बदलत नाही. संपादक पास.

मांडेवाली
मी घरी मांडे करतो आणि ऑर्डरही घेतो. (हो, मी बाई आहे. बेळगावातल्या आम्ही बायका "मी करतो, मी आलो" असंच म्हणतो. कुणी सुधारायला येऊ नका.)

बाहेरगावचं गिऱ्हाईक फोनवर म्हणतं, "एक मांडे द्या." मला रोज हसू येतं. एक असेल तर मांडा, दोन असतील तर मांडे. पण कडईच्या पाठीवर परातीएवढा पातळ मांडा पसरून, साखर घालून चौकोनी घडी करेपर्यंत हात कसे भाजतात हे ज्याला माहीत नाही, तो वचनाकडे काय बघणार! त्याला 'मनात मांडे' एवढंच ठाऊक, आणि मनात कुणी एक मांडा खात नाही.

कुंद्याचं, म्हणजे आमच्या बेळगावच्या दुधाच्या मिठाईचं, मात्र उलट. "दोन कुंदे द्या" असं आजवर कुणी म्हटलं नाही. पाव किलो कुंदा, दोन किलो कुंदा. कितीही घ्या, कुंदा कुंदाच.

शिकवणीबाई_खानापूर
मांडेताई, तुमचा प्रतिसाद मी उद्याच्या बॅचला फळ्यावर लिहिणार आहे! गेली कित्येक वर्षं 'मोजता येणारं आणि न येणारं नाम' समजावताना मी पाणी आणि वाळू घेऊन बसले होते, पोरं जांभया द्यायची.

मांडा मोजता येतो, कुंदा तोलायचा. आता फर्निचर, लगेज, इन्फर्मेशन, अ‍ॅडव्हाइस, इक्विपमेंट हे सगळे इंग्रजीतले कुंदे. त्यांना एस लागत नाही, 'अ'ही लागत नाही. मोजायचंच असेल तर आधी डब्यात भरा: 'अ पीस ऑफ फर्निचर', 'टू पीसेस ऑफ लगेज'. आपल्याकडे 'फर्निचर्स'च्या पाट्या गल्लोगल्ली आहेत, आणि चुका शोधा प्रकारातला पेपरवाल्यांचा हा सगळ्यात आवडता सापळा. एसएससीच्या पदवीधर परीक्षेच्या पहिल्या टप्प्यात इंग्रजीचे २५ प्रश्न, प्रत्येकी २ गुण, चुकलं की अर्धा गुण कापतात. एक 'फर्निचर्स' अडीच गुणांना पडतं.

निपाणी_लोकल
म्हणजे 'टू किलोज ऑफ कुंदा'. भूक लागली.

पुण्यात_बेळगावी
@मांडेवाली, "मी आलो"वरून आठवलं. माझी बहीण पुण्यात हॉस्टेलला राहायला गेली, पहिल्याच दिवशी खोलीत शिरताना म्हणाली, "चला, मी आलो एकदाची." रूममेट दारामागे बघायला लागल्या की कोण आलो!

संपादक_मंडळ
हे लिंग झाले. धागा वचनाचा आहे.

फ्लेक्ससम्राट
मी फ्लेक्स छापतो, त्यामुळे वचनाने मला जेवढं रडवलंय तेवढं कुणालाच नसेल.

गणपतीच्या आधीची गोष्ट. रात्री साडेअकराला एका मंडळाची पोरं आली, सकाळी सातला बोर्ड लावायचा होता. बारा बाय आठचा फ्लेक्स. मजकूर व्हॉट्सअ‍ॅपवरून टाकला, वर भाऊंचा फोटो, खाली चाळीस फोटो, आणि मधे ठळक: "कार्यकर्त्याचा भव्य मेळावा". सकाळी बोर्ड चढला. नऊ वाजता फोन. "काय छापलंस गा? एकच कार्यकर्ता आहे होय आमच्याकडे?" त्या 'र्त्या'वरचं टिंब राहिलं होतं. विरोधी मंडळाने तोवर फोटो काढून फिरवलासुद्धा, खाली ओळ टाकून: "अखेर खरं बोलले."

बाराशे रुपयांचा फ्लेक्स फुकट परत छापून दिला. तेव्हापासून मजकूर आला की आधी टिंबं मोजतो. मुलाचे आणि मुलांचे, शेतकऱ्याचा आणि शेतकऱ्यांचा, सभासदाला आणि सभासदांना. एका टिंबात सगळा गाव आत किंवा बाहेर.

झेरॉक्सवाला_टिळकवाडी
"अखेर खरं बोलले" वाचून हसता हसता एक पान वाकडं छापलं. ते मात्र मी विकत घेतलं, मंडळाला परत दिलं नाही.

शिकवणीबाई_खानापूर
फ्लेक्सदादा, हसून झाल्यावर सांगते, तुमचं टिंब म्हणजे इंग्रजीतला अपॉस्ट्रॉफी. 'द स्टुडंट्स बुक'मध्ये तो स्वल्पविरामासारखा शेपटीवाला ठिपका एसच्या आधी असेल तर एका विद्यार्थ्याचं पुस्तक, एसनंतर असेल तर अनेक विद्यार्थ्यांचं. उच्चार तोच! कानाला फरक कळत नाही, फक्त डोळ्याला कळतो. मराठीत निदान टिंब उच्चारता तरी येतं.

आणि हे झेरॉक्सदादांच्या मुलीच्या जास्त कामाचं आहे. दादा, तुमच्याकडे सरावाचं पुस्तक जुनं दिसतंय. एसएटी आता कागदावर नसते. वाचन-लेखनाचा भाग म्हणजे ६४ मिनिटांत ५४ प्रश्न, २७-२७ चे दोन भाग, आणि प्रत्येक प्रश्नाला छोटासा उतारा. वाक्याच्या चार जागा अधोरेखित करून 'चूक नाही' असा शेवटचा पर्याय देणारा प्रकार त्यात नाही. रिकामी जागा असते आणि चार पर्याय. वचन येतं ते तीन वाटांनी: कर्ता आणि क्रियापद जुळतात का, सर्वनाम कोणाकडे बोट दाखवतंय, आणि हेच टिंब-प्रकरण, नुसतं अनेकवचन की मालकी. पायलटांचं वाक्य समजून घ्यावं, पण रात्री जागून पाठ करू नये. चुकल्याचे गुणही कापत नाहीत, तेव्हा रिकामं काही सोडू नको म्हणावं.

कॅडेट_होता_होता
तसं एमबीएच्या प्रवेशाच्या जीमॅटमधूनही वाक्य सुधारण्याचे प्रश्न २०२३ साली नवीन रूप आलं तेव्हा काढून टाकले. माझा चुलतभाऊ त्याआधी दीड वर्ष तेच घोकत होता. अजून घरात 'सेन्टेन्स' शब्द काढला की उठून जातो.

झेरॉक्सवाला_टिळकवाडी
अरे देवा. पुस्तक रद्दीवाल्याकडून आणलं होतं, पन्नास रुपयाला. कोरं दिसलं म्हणून घेतलं.

जुने_मास्तर
पन्नास रुपयांना.

झेरॉक्सवाला_टिळकवाडी
मास्तर, टिंब धरून पन्नास.

संस्कृतप्रेमी_शहापूर
संस्कृतात द्विवचन आहे. दोघांसाठी वेगळंच रूप. मराठीने ते सोडलं, म्हणून ही वेळ आली.

निपाणी_लोकल
म्हणजे अजून एक तक्ता पाठ. धन्यवाद, नको.

जुने_मास्तर
रात्री झोप येईना, म्हणून झेरॉक्सवाल्यांच्या वाक्याकडे परत आलो. सगळे म्हणतायत की मराठीत 'पायलट' बदलत नाही, म्हणून कळत नाही. पण मग बदलणारा शब्द घालून बघू या की. 'राजा' घ्या. राजा, राजे.

"दोघा भावांना राजा व्हायचं होतं." बरोबर वाटतं ना? राजा एकच.
"दोघे भाऊ राजे झाले." इथे 'राजा झाले' म्हणून बघा. जीभच वळत नाही.

पोरींचं तेच. "दोघींना राणी व्हायचं होतं", पण "दोघी राण्या झाल्या."

म्हणजे 'दोघांना'मधला 'ना' लागला की कर्त्याची क्रियापदावरची पकड सुटते. 'व्हायचं होतं' कुणाकडेच बघत नाही, तटस्थ उभं राहतं, आणि मग मागचं नामही सुस्तावतं, एकवचनात पडून राहतं. पण 'दोघे झाले' म्हटलं की क्रियापद कर्त्याला जुळलं, आणि त्याच्यामागून नामालाही उठून जुळावं लागलं.

आता रोहनचं वाक्य बघा. 'होप टु बिकम', इच्छेचं वाक्य. आपल्या मनात ते "व्हायचंय" या साच्यात पडतं, जिथे मराठीच एकवचन चालवून घेते. म्हणून झेरॉक्सवाल्यांना पाच वेळा वाचून चूक दिसली नाही. तेच वाक्य "रोहन अँड हिज ब्रदर बिकेम अ किंग" असं असतं, तर मनात "राजे झाले" आलं असतं आणि पेन तिथेच अडलं असतं. तुमचं इंग्रजी कच्चं नव्हतं, मराठी पक्कं होतं.

शिकवणीबाई_खानापूर
मास्तर, हे मला इतकी वर्षं सुचलं नाही. खरंच मुलं 'वॉन्ट टु बी'मध्येच जास्त चुकतात, 'आर' आणि 'बिकेम'मध्ये कमी. मी त्याला निष्काळजीपणा म्हणत होते.

पुण्यात_बेळगावी
माझा "परीक्षेपुरतं" हा शब्द मागे घेतो. निम्मा.

झेरॉक्सवाला_टिळकवाडी
मास्तर, तुमचा प्रतिसाद छापून जेवणाच्या ताटाशेजारी ठेवला. लेकीने वाचला, दोनदा वाचला. मग "राजे व्हायचं होतं", "राण्या व्हायचं होतं" असं स्वतःशी पुटपुटत बसली. आमटी गार झाली. शेवटी म्हणाली, आजोबांना एक विचारा.

"मुलांना मोठं व्हायचंय" यात 'मोठं' कुठून आलं? मुलं मोठी होतात. मुलगा मोठा होतो, मुलगी मोठी होते. पण व्हायचं असलं की सगळ्यांनाच 'मोठं' व्हायचं असतं. म्हणजे तिथे नुसतं वचन नाही, लिंगही जातं. मग राजा का राहतो, 'राजं' का होत नाही?

मला उत्तर येईना, म्हणून इथे टाकायलोय.

जुने_मास्तर
राजा नाम आहे, त्याचं लिंग जन्मापासून त्याच्याजवळ आहे. 'मोठा' विशेषण, त्याला दुसऱ्याचं उसनं घ्यावं लागतं. आणि तिथे उसनं द्यायला कुणी उभंच नाही, म्हणून नपुंसकलिंगी एकवचनावर भागवतं. पण हे आधी माझ्या ध्यानात यायला हवं होतं, तिच्या नव्हे. मान खाली घातली.

(मान. एकटाच आहे.)

फ्लेक्ससम्राट
काका, लेकीला सुट्टीत दुकानात पाठवता काय? टिंबं मोजायला. एका फ्लेक्सला वीस रुपये देतो.

झेरॉक्सवाला_टिळकवाडी
विचारलं. म्हणते, फ्लेक्सला वीस की टिंबाला?